नऊ वर्षांच्या मुलीच्या हाती आउटबोर्ड इंजिन द्यावे का?

नमस्कार. उत्तर मोठे होणार आहे, म्हणून प्रश्न आधी थोडक्यात सांगते. मिसिसागात राहणाऱ्या एका कुटुंबाने ऑन्टॅरिओच्या कावार्था लेक्स भागात, पिजन लेकच्या काठी, उन्हाळ्यासाठी कॉटेज घेतले आहे. कॉटेजबरोबर अ‍ॅल्युमिनियमची 12 फुटी होडी आणि तिला बसवलेले 9.9 हॉर्सपॉवरचे आउटबोर्ड, म्हणजे होडीच्या मागे बाहेरून टांगलेले, इंजिनही मिळाले आहे. मुलगी 9 वर्षांची आणि मुलगा 12 वर्षांचा असून दोघांनाही होडी चालवायची आहे. शेजारची मुले त्याच वयात एकटी हिंडताना दिसतात, आईचा ठाम नकार आहे, वडिलांचा अर्धा होकार आहे आणि मे महिन्यातल्या व्हिक्टोरिया डेच्या सुट्टीला मामा आपली जेट स्की, म्हणजे पाण्यावर चालणारी स्कूटर, घेऊन येणार आहे. ‘मुलांना कितव्या वर्षापासून चालवू द्यावे?’ असे वडील विचारतात.

माझ्याबद्दल एवढेच सांगते की मी मालवणची आहे, गेली 19 वर्षे ऑन्टॅरिओत आहे आणि त्यातले 14 उन्हाळे मुलांना व त्यांच्या पालकांना लहान होड्या हाताळायला शिकवण्यात गेले आहेत. या अनुभवावरून सांगते की वय हा प्रश्नाचा सोपा भाग आहे. होडी सरळ रेषेत चालवणे सात वर्षांच्या मुलालाही दहा मिनिटांत जमते, आणि पालक फसतात ते नेमके तिथेच, कारण मूल ‘चालवू लागले’ असे दिसते. खरा प्रश्न असा आहे की मूल गोंधळले त्या क्षणी त्याचा हात काय करील आणि तुम्ही त्या वेळी होडीत कुठे, कोणत्या दिशेला तोंड करून बसलेले असाल.

कायद्याचे आधी उरकून घेऊ. कॅनडात 12 वर्षांखालील मुलाला सोबत कोणी नसताना 10 हॉर्सपॉवरपर्यंतचे, म्हणजे 7.5 किलोवॅटपर्यंतचे इंजिन चालवता येते, तर 12 पूर्ण झालेल्या पण 16 न झालेल्या मुलाला 40 हॉर्सपॉवरपर्यंतचे. त्याच होडीत 16 किंवा अधिक वयाची व्यक्ती शेजारी बसून प्रत्यक्ष देखरेख करत असेल, तर ही मर्यादा लागू होत नाही. जेट स्कीचा नियम वेगळा असून त्याकडे मी शेवटी येते. याशिवाय इंजिनाची होडी चालवणाऱ्या प्रत्येकाकडे, वय कितीही असो, पात्रतेचा पुरावा असावा लागतो, आणि बहुतेकांच्या बाबतीत तो म्हणजे प्लेझर क्राफ्ट ऑपरेटर कार्ड. हे बंधन 15 सप्टेंबर 2009 पासून सर्वांना लागू आहे. कार्डाला किमान वय नाही, तेव्हा नऊ वर्षांची मुलगी अभ्यास करून परीक्षा देऊ शकते, आणि माझा अनुभव असा की पोर आईबापांपेक्षा चांगले गुण मिळवते. अमेरिकेतल्या वाचकांनी मात्र आपापल्या राज्याचे नियम पाहावेत, कारण तिथे राज्य बदलले की वय आणि हॉर्सपॉवरचे आकडेही बदलतात.

आता यातली मेख पाहा. 9.9 हे 10 पेक्षा कमी आहे, त्यामुळे कार्ड मिळाले की तुमची मुलगी ही होडी कायद्याने एकटीने नेऊ शकते. शेजारची मुले नियम मोडत नाहीत. तरीही मी तिला एकटीने सोडणार नाही, आणि त्याचे कारण भीती नसून वजन आहे. चार स्ट्रोकचे 9.9 चे इंजिन सुमारे 40 किलोचे असते आणि ते होडीच्या अगदी मागच्या फळीवर टांगलेले असते. ते चालवण्यासाठी 28–30 किलोच्या मुलीला त्याच्याशेजारीच बसावे लागते. पेट्रोलची टाकीही बहुधा तिथेच असते. पुढे कोणीच नसते. रेस दिली की हलकी नाळ, म्हणजे होडीचे पुढचे टोक, वर उचलली जाते, मुलीला समोरचे पाणी दिसत नाही आणि वाऱ्याची एक झुळूक त्या उचललेल्या नाळेला पानासारखी फिरवते. कायदा हॉर्सपॉवर मोजतो. होडीत वजन कुठे पडले आहे, हे तो मोजत नाही. शिवाय दोरी ओढून ते इंजिन पुन्हा चालू करण्याइतकी ताकद नऊ वर्षांच्या बहुतेक मुलांच्या हातात नसते. जे इंजिन बंद पडल्यावर मुलाला स्वतः चालू करता येत नाही, ते घेऊन त्याने एकट्याने काठ सोडू नये, हा माझा साधा नियम आहे आणि मी तो कोणासाठीही मोडलेला नाही.

काही गोष्टी मात्र परिस्थितीवर अवलंबून आहेत आणि त्या मला इथे बसून ठरवता येणार नाहीत. पिजन लेक हा ट्रेंट–सेव्हर्न जलमार्गाचा भाग आहे. ट्रेंटनपासून जॉर्जियन बेवरच्या पोर्ट सेव्हर्नपर्यंत 386 किलोमीटर जाणाऱ्या या मार्गावर जुलै–ऑगस्टमध्ये मोठमोठ्या बोटींची ये-जा असते, आणि त्यांच्या मागून येणाऱ्या लाटा 12 फुटी होडीला आडव्या लागल्या तर मोठ्या माणसालाही फळी धरून बसावे लागते. तुमचे कॉटेज आतल्या शांत खाडीत असेल तर गोष्ट वेगळी, बोयांनी, म्हणजे पाण्यावर तरंगणाऱ्या खुणांनी, आखलेल्या मुख्य मार्गालगत असेल तर वेगळी. मुलांना पोहता येते का, हे तुम्ही लिहिलेले नाही. तुम्हाला येते का, हेही लिहिलेले नाही, आणि मला त्याची जास्त काळजी आहे. आपल्यातले बरेचसे पालक पुण्या-नागपुराहून थेट इथे आलेले असतात. त्यांची मुले इथल्या कम्युनिटी सेंटरमध्ये पोहणे शिकून तरबेज होतात आणि देखरेख करणारे आईबाप मात्र कमरेएवढ्या पाण्यापुढे गेलेले नसतात. तसे असेल तर लाजू नका, पण लाइफ जॅकेट पहिल्यांदा तुमच्या अंगावर चढले पाहिजे.

मुलाचा स्वभावही पाहावा लागतो. एका सूचनेत हातातली वस्तू खाली ठेवणारे मूल आणि ‘थांब ना, एकच मिनिट’ म्हणणारे मूल यांत मी वयापेक्षा जास्त फरक करते. घरी टॅब्लेट बाजूला ठेवायला सांगितल्यावर काय घडते ते आठवा. होडीत तेच घडणार आहे.

आता मुख्य मुद्द्याकडे येते. होडीला ब्रेक नसतो, हे वाक्य सगळेच म्हणतात, पण त्याचा अर्थ मुलांना आणि मोठ्यांना पाण्यात उतरेपर्यंत कळत नाही. तुमची होडी एक मोठे माणूस आणि एक मूल घेऊन ताशी 25 किलोमीटरच्या आसपास सहज जाईल. म्हणजे सेकंदाला सुमारे सात मीटर. मुलीने ‘आई दिसते का’ म्हणून दोन सेकंद मागे वळून पाहिले, तर होडी आपल्या लांबीच्या जवळजवळ चौपट अंतर पुढे गेलेली असते. बरे, घाबरून एकदम रेस सोडली तर होडी जागच्या जागी थांबत नाही. नाळ खाली बसते आणि होडीनेच मागे उठवलेली लाट तिला गाठून मागच्या बुटक्या फळीवरून आत येते. मागे जास्त वजन असेल तर एका दणक्यात घोट्याएवढे पाणी आत आलेले मी पाहिले आहे. त्यामुळे रेस कमी करायची ती दोन टप्प्यांत, मध्ये ‘एक, दोन’ असे मोजून, आणि मग न्यूट्रल.

दुसरी अडचण दांड्याची. मागे बसून इंजिनाचा दांडा, म्हणजे ते वळवायचे हँडल, डावीकडे ढकलला की होडी उजवीकडे वळते. सायकल चालवणाऱ्या मुलाचा हात याच्या बरोबर उलट शिकलेला असतो. शांतपणे चालले असताना मूल विचार करून योग्य दिशा देते, पण समोर होडी बांधायचा धक्का किंवा खडक आला की हात विचार न करता सायकलसारखाच वळतो आणि होडी जिकडे जायला नको तिकडेच जाते. त्यातच रेसची मूठ त्याच दांड्यावर असते. दचकलेले मूल मूठ घट्ट आवळते, होडी पुढे उसळते, मूल मागे कलंडते आणि आवळलेल्या हाताबरोबर मूठ आणखी फिरते.

हे मला माझ्या घरातच शिकायला मिळाले. मुलगा तेव्हा दहा वर्षांचा होता आणि पंधरा दिवस छान चालवत होता. एका संध्याकाळी परतताना मी नाळेजवळच्या फळीवर, त्याच्याकडे पाठ करून, धक्क्यावर उभ्या असलेल्या शेजारणीशी बोलत बसले होते. धक्का दहा-बारा मीटरवर आला तेव्हा मी मान न वळवता ‘हळू कर’ म्हटले. त्याने मूठ उलट्या दिशेला फिरवली. होडी उसळून धक्क्याच्या कोपऱ्यावर आदळली, मी दोन फळ्यांच्या मध्ये पडले आणि उजवे मनगट मोडले. त्याला खरचटलेसुद्धा नाही, पण तो पुढचे दोन उन्हाळे दांड्याला हात लावायला तयार नव्हता. चूक त्याची नव्हती. मी पाठ करून बसले होते ही पहिली चूक, आणि ‘बंद कर’ म्हणण्याऐवजी ‘हळू कर’ म्हटले ही दुसरी. ‘हळू कर’ म्हटल्यावर मुलाला दिशा आठवावी लागते, किती फिरवायचे ते ठरवावे लागते. ‘बंद’ म्हटल्यावर फक्त एक दोरी ओढायची असते.

ती दोरी म्हणजे इंजिनाच्या लाल बटणाखाली अडकवलेल्या चिमट्याची, स्प्रिंगसारखी गुंडाळलेली लाल दोरी. या सोयीला किल स्विच म्हणतात. चिमटा निघाला की इंजिन त्याच क्षणी बंद होते. या दोरीचे दुसरे टोक चालवणाऱ्याच्या मनगटात किंवा लाइफ जॅकेटच्या कडीत अडकवलेले असले पाहिजे, प्रत्येक वेळी, वीस मीटर जायचे असले तरी. कारण असे की चालवणारा पाण्यात पडला आणि दांडा सुटला, तर इंजिन एका बाजूला वळते, होडी रिकामीच गोल फिरू लागते आणि पडलेल्या माणसाकडेच परत येते. तिचा पाण्याखालचा पंखा (प्रोपेलर) चालू असतो. अमेरिकेत लहान होड्यांवर ही दोरी लावणे 1 एप्रिल 2021 पासून सक्तीचे झाले आहे. तुमच्याकडे जुने इंजिन असेल तर आधी ती दोरी जागेवर आहे का, चिमटा ओढल्यावर इंजिन खरोखर बंद होते का, हे काठाला होडी बांधून पाहा, आणि चिमट्याचा एक जादा संच होडीतच ठेवा.

माझे काका मालवणला तांडेल, म्हणजे होडीचे प्रमुख, होते. त्यांनी मला पहिल्या वर्षी होडीतले पाणी उपसायला लावले, दुसऱ्या वर्षी वल्हे दिले, आणि मी इंजिनासाठी हट्ट धरला की म्हणत, ‘आधी थांबवूक शीक, चलवूक काय कोणय चलवतलो.’ मला तेव्हा तो कंजूषपणा वाटला होता. आज माझा शिकवण्याचा सगळा क्रम त्याच वाक्यावर उभा आहे.

पहिला दिवस इंजिनाशिवाय असतो. लाइफ जॅकेट मुलाच्या वजनाप्रमाणे घ्यायचे, ‘पुढच्या वर्षीही होईल’ म्हणून मोठे घ्यायचे नाही. सर्व पट्टे लावल्यावर खांद्यांवरच्या पट्ट्यांना धरून मुलाला हलकेच वर उचलून पाहा. जॅकेट कानांपर्यंत सरकले तर ते पाण्यात डोक्यावरून निघणार. मग ते घालून मुलाला काठाजवळच्या पाण्यात उतरू द्या, तरंगू द्या, आणि होडीच्या मागच्या बाजूने नव्हे तर धक्क्याच्या शिडीने वर येऊ द्या. होडीवरून पडल्यावर पहिल्यांदा काय वाटते, हे त्याला खेळात कळलेले बरे. अर्थात हे मे महिन्यात करू नका. कारण पुढे सांगते.

त्यानंतर वल्ही. इंजिन उतरवून ठेवा आणि मुलांना होडी धक्क्यापासून पन्नास मीटर नेऊन परत आणू द्या. वल्ह्यावर मुलांना ते सगळे कळते जे इंजिन लपवते. होडी थांबायला किती वेळ घेते, वारा नाळ कसा फिरवतो, वळताना मागचा भाग कसा बाहेर फेकला जातो. नऊ वर्षांची मुलगी वाऱ्याविरुद्ध होडी परत आणू शकली नाही, तर तुम्हालाही कळेल की इंजिन बंद पडल्यावर तिच्या हातात काय उरते. माझ्याकडे येणाऱ्या मुलांपैकी निम्मी याच टप्प्यावर खूश असतात आणि इंजिन विसरतात, ही गोष्ट वेगळी.

मुलांची कार्डे हाती आल्यावर इंजिन परत बसवायचे, पण होडी धक्क्याला बांधलेली ठेवून आणि इंजिन बंद ठेवून. मूल मागच्या फळीवर, दोरी मनगटात, आणि मी मधल्या फळीवर आडवी, चेहरा त्याच्याकडे आणि हात त्या लाल बटणापर्यंत पोहोचेल अशी. मी बोट दाखवीन तिकडे होडी वळेल असा दांडा त्याने ढकलायचा. वीस वेळा, तीस वेळा. मध्येच मी ‘बंद’ म्हणते आणि त्याने तो चिमटा ओढायचा. शब्द एकच ठरवून घ्या. घरात मुले इंग्रजी बोलत असतील तर ‘ऑफ’ चालेल, पण दोन्ही पालकांनी तोच शब्द वापरायचा. ‘थांब’ हा शब्द मी मुद्दाम टाळते, कारण मूल स्वतः थांबते आणि होडी चालूच राहते.

मग मोकळ्या पाण्यात, सर्वांत कमी रेसवर, आणि पहिले चार-पाच दिवस मूल फक्त तीन गोष्टी करते: गिअर टाकणे, न्यूट्रल करणे आणि ‘बंद’ ऐकल्यावर चिमटा ओढणे. हे मी अचानक म्हणते, बोलता बोलता, बदके दाखवताना. दहापैकी दहा वेळा दोन सेकंदांच्या आत इंजिन बंद झाले की मगच वेग वाढवायचा. दहापैकी नऊ नव्हे. या टप्प्याला काही मुलांना दोन दिवस लागतात, काहींना दोन उन्हाळे. धक्क्याला लावणे सर्वांत शेवटी शिकवा. ते मोठ्यांनाही नीट जमत नाही आणि मुलांचे बहुतेक अपघात माझ्या पाहण्यात तिथेच झाले आहेत. तोपर्यंत शेवटचे वीस मीटर दांडा तुमच्या हाती.

एका वेळी होडीत एक मोठे माणूस आणि एकच मूल असावे, हे मी आग्रहाने सांगते. दुसरे मूल काठावर, दुसऱ्या मोठ्या माणसाजवळ. भावंडे एकत्र असली की चालवणाऱ्याचे लक्ष समोर नसते, आणि ‘आता माझी पाळी’ म्हणत चालत्या होडीत जागा बदलणे हे 12 फुटी होडीत अजिबात चालत नाही. पाळी बदलायची ती इंजिन बंद करून, धक्क्याला बांधून. आपल्याकडे सुट्टीला तीन कुटुंबे जमतात आणि कोणीतरी काका हौसेने सातवा माणूस आत बसवतात, म्हणून होडीच्या आतल्या बाजूला लावलेली पट्टी एकदा वाचा. तिच्यावर माणसे, एकूण वजन आणि इंजिनाची शक्ती किती असावी ते लिहिलेले असते. आणि देखरेख करणाऱ्याने बिअर घेतलेली नसावी. कॅनडात नशेत होडी चालवणे हा गाडी चालवण्यासारखाच फौजदारी गुन्हा आहे, आणि देखरेख करणाऱ्याला कोणत्याही क्षणी दांडा हातात घ्यावा लागतो.

पंख्याबद्दल दोन वाक्ये. कोणी पाण्यात असेल, पोहत असेल किंवा होडीत चढत असेल, तर इंजिन न्यूट्रलमध्ये नव्हे, बंद पाहिजे, कारण गिअरच्या दांड्याला चढणाऱ्याचा पाय लागायला वेळ लागत नाही. पिजन लेक उथळ आहे आणि उन्हाळ्यात तिथे पाणवनस्पती माजतात, त्या पंख्याला वेटोळे घालतात आणि इंजिन गुरगुरू लागते. त्या वेळी इंजिन बंद, चिमटा काढून खिशात, मग इंजिन वर उचलायचे आणि वनस्पती काढायची ती मोठ्या माणसाने.

तुमच्या सुट्टीच्या बेताचा सर्वांत धोक्याचा भाग मात्र ना मुलगी आहे ना इंजिन. तो आहे मे महिना. व्हिक्टोरिया डेला हवा 25 अंशांपर्यंत जाते, सगळे अर्ध्या बाह्यांत फिरतात, पण बर्फ वितळून चार-पाच आठवडेच झालेले असतात आणि पाणी बहुधा 15 अंशांच्या खालीच असते. मॅनिटोबा विद्यापीठाचे डॉ. गॉर्डन गिझब्रेक्ट यांनी थंड पाण्याबाबत 1–10–1 असा हिशेब सांगितला आहे आणि तो मी प्रत्येक पालकाला पाठ करायला लावते. पडल्यावर पहिले 1 मिनिट श्वास आवरण्यात जाते, कारण थंडीच्या धक्क्याने माणूस आपोआप धापा टाकतो आणि त्याच वेळी पाणी छातीत जाऊ शकते. पुढची सुमारे 10 मिनिटे हातपाय कामाचे राहतात. शुद्ध हरपायला सुमारे 1 तास लागतो. हा हिशेब मोठ्या माणसाचा आहे. लहान अंग लवकर गारठते. पहिल्या मिनिटात मूल तरंगत राहील की नाही, हे पूर्णपणे लाइफ जॅकेटवर ठरते. माझा सल्ला असा की या सुट्टीत मुलांना वल्ही आणि बांधलेल्या होडीतला सराव द्या, तोही काठापासून दोन हातांवर, आणि मोकळे पाणी जूनच्या अखेरीसाठी राखून ठेवा.

मुलाचे वेगळे सांगते, कारण 12 आणि 9 यांत बराच फरक आहे. त्याला कायद्याने 40 हॉर्सपॉवरपर्यंत मुभा असली तरी 9.9 हेच त्याच्यासाठी पुरे आहे. तो वरचे सगळे टप्पे पार करील, इंजिन स्वतः दोरी ओढून चालू करील आणि वाऱ्याविरुद्ध वल्ह्याने परत येईल, तेव्हा ऑगस्टमध्ये मी त्याला एकट्याने सोडायला तयार होईन, पण ठरलेल्या दोन खुणांच्या आत, धक्क्यावरून दिसेल इतक्याच अंतरात, आणि धक्क्यावर कोणीतरी मोठे माणूस फोन बाजूला ठेवून उभे असताना. एकटा असताना नाळ उचलली जाऊ नये म्हणून पाण्याने भरलेले दोन कॅन पुढच्या फळीखाली बांधून ठेवा. काठापासून 30 मीटरच्या आत ऑन्टॅरिओत ताशी 10 किलोमीटरची मर्यादा आहे, ती त्याला आधी शिकवा. समोरून होडी आली तर दोघांनी उजवीकडे वळायचे, उजव्या हाताकडून येणाऱ्याला वाट द्यायची, वल्ह्याच्या आणि शिडाच्या होडीपासून दूर राहायचे. लाल बोया प्रवाहाविरुद्ध जाताना उजव्या हाताला ठेवायचा. हे शेवटचे मला स्वतःला फार जड गेले, कारण भारतात नेमके उलटे आहे. बंदरात शिरताना लाल डाव्या हाताला असतो आणि लहानपणी डोळ्यांत बसलेली ती सवय मोडायला मला इथला पूर्ण एक उन्हाळा लागला. तुमच्यापैकी कोणी कोकणातले असेल तर सांभाळा.

होडीत काय असावे याची यादी कार्डाच्या अभ्यासात येईलच. 15 मीटरचा तरंगता दोर, वल्ही, शिट्टी आणि पाणी उपसायला बादली एवढे तर आजच नजरेखालून घाला. पेट्रोल भरायचे ते टाकी काठावर उतरवून, मुले लांब असताना.

आता मामांची जेट स्की. इथे ‘परिस्थितीवर अवलंबून’ असे काही नाही. कॅनडात 16 वर्षांखालील कोणालाही जेट स्की चालवता येत नाही, मोठे माणूस मागे बसलेले असले तरीही. यामागचे कारणही मुलांना सांगा, म्हणजे मामा वाईट ठरणार नाहीत. जेट स्कीला बाहेर पंखा किंवा सुकाणू नसते. ती मागून फेकलेल्या पाण्याच्या झोताने वळते. रेस सोडली की झोत थांबतो आणि हँडल कितीही फिरवले तरी ती सरळच जात राहते. समोर काही आले की मूल घाबरून पहिल्यांदा रेसच सोडते, म्हणजे वळण्याची गरज असते नेमके तेव्हाच वळणे हातचे जाते. यंत्राचा हा स्वभाव ओळखायला मोठ्यांनाही सराव लागतो.

आईच्या विरोधाबद्दल तुम्ही थोडे हसण्यावारी लिहिले आहे. मला मात्र त्यांचे म्हणणे पटते, कारण आज होडीतून तुम्ही पाण्यात पडलात, तर ती परत आणणारे कोणीच नाही. म्हणून कार्ड पहिल्यांदा तुम्ही दोघे काढा आणि पहिली फेरीही त्यांनाच करू द्या. शनिवारी सकाळी सातच्या सुमारास वारा पडलेला असतो आणि मोठ्या बोटी अजून निघालेल्या नसतात. मुलांना धक्क्यावर बसवा. तुम्ही मधल्या फळीवर आडवे बसा, दोरी मुलांच्या आईच्या मनगटात अडकवा, आणि पन्नास मीटर गेल्यावर, आई कॉटेजकडे बघत असताना, हळूच ‘बंद’ म्हणा. किती सेकंद लागतात ते मुलांना मोजायला सांगा.